चाकामागचा दगड

"हात धुवायचा न्हाई," आबा म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत ह्या हाताला पाणी लागू द्यायचं न्हाई."

माझ्या डाव्या मनगटावर निळ्या शाईचा गोल शिक्का होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो हात असा धरला होता की वाटावं, तो सरकारने त्यांच्याकडे सांभाळायला दिलाय. साताऱ्याच्या भरतीच्या मैदानाबाहेर आम्ही उभे होतो. आत अजून हजारभर पोरं चड्ड्यांवर बसून आपल्या नंबराची वाट बघत होती. माझं मात्र झालं होतं. सोळाशे मीटर धावण्यात मी आमच्या गटात पाचवा आलो होतो. उंची बसली, छाती फुगली, वजन भरलं. वजन भरावं म्हणून आबांनी पहाटे मला नऊ केळी चारली होती. आता त्यांनी पिशवीतून दहावं काढलं.

"खा. हे वजनाचं न्हाई, खुशीचं हाय."

मी खाल्लं. उद्या सकाळी सात वाजता डॉक्टरांची तपासणी होती, आणि माझ्या अंगात नाव ठेवायला जागा नव्हती हे गावातल्या कुणालाही माहीत होतं. म्हणजे मी फौजेत गेल्यात जमा होतो.

मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. शिक्का मारणाऱ्या जवानाने "शाबास" म्हटलं तेव्हा छाती भरून आली होती. आमच्या सोनगीरवाडीत घरटी एक माणूस पलटणीत. दारावरच्या पाट्यांवर नावाआधी हुद्दा. मुलगी द्यायची तर आधी विचारतात, कुठल्या बटालियनला आहे. अशा गावात वीस वर्षं काढल्यावर त्या शिक्क्याची किंमत मला कुणी सांगायला नको होती. पण केळं गिळताना मी आबांकडे बघत नव्हतो. कारण मला ट्रक चालवायचा होता, आणि ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती.

तो माणूस म्हणजे शिकंदर मुल्ला. मी त्यांना चाचा म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीने लाल, स्वतःचा ट्रक स्वतः चालवायचे. आमच्या गावापासून चार किलोमीटरवर नाका आहे, तिथे रोज सकाळी त्यांचा ट्रक उभा असे. आबा मला रोज पहाटे नाक्यापर्यंत पळवायचे. स्वतः हातात घड्याळ घेऊन वेशीवर थांबायचे आणि जाऊन-येऊन तासाच्या आत परत यायचं, असा हुकूम होता. आबांना वेशीवरून नाका दिसत नव्हता, ही देवाची कृपा. मी जीव खाऊन नाका गाठायचो, पंधरा मिनिटं ट्रकवर बसायचो आणि पुन्हा जीव खाऊन परत. पहिल्या वर्षी मी गाडी मागे-पुढे करायला शिकलो. दुसऱ्या वर्षी पंधराची वीस मिनिटं हवीत म्हणून आणखी जोरात पळायला लागलो. मैदानात मी पाचवा आलो त्याचं सगळं श्रेय त्या ट्रकला होतं, आणि आबा मात्र ते आपल्या घड्याळाला देत होते.

वीस पूर्ण झाल्यावर चाचांनीच मला जिल्ह्याच्या गावी नेऊन जड वाहनाचं लायसन्स काढून दिलं होतं. ते त्या दिवशीही माझ्या कागदांच्या पिशवीत, दाखल्यांच्या मागे, पाठ करून बसलेलं होतं.

आबांनी टेलिफोनच्या बूथवरून गावच्या दुकानात फोन लावला. "पास झाला म्हणून सांगा," एवढंच बोलले आणि बाहेर येऊन माझ्याकडे न बघता हसले. स्टँडवर आलो तर आमची एस. टी. पोरांनी टपापर्यंत भरून निघून गेली होती. दुसरी चार वाजता होती. आम्ही रस्त्यावर येऊन उभे राहिलो आणि समोरून शिकंदरचाचांचाच ट्रक आला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"हवालदारसाब! या, या. घाटापलीकडंच चाललोय." चाचांनी दार उघडलं. मला बघून भुवयासुद्धा हलवल्या नाहीत. "आणि हे कोण, चिरंजीव का?"

"भानुदास," आबा म्हणाले. "भरतीत पास झाला आज."

"अरे वा!" चाचा म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "पलटण म्हंजे पलटण. आमच्या धंद्यात शेवटी गुडघेच मिळतात." त्यांनी डावा गुडघा चोळला. तो सुजला होता, पँटवरूनही दिसत होतं.

मागे बियाण्याच्या बटाट्याची पोती शिगोशीग भरलेली होती. आबा खिडकीशी बसले, मी मध्ये. चाचा गिअर टाकताना दरवेळी दातावर दात धरत होते. आबांचं लक्ष रस्त्यावर होतं.

आबांबद्दल थोडं सांगायला हवं. हवालदार यशवंत जगदाळे, सोळा वर्षं पायदळात काढून परतलेले. गावातले बाकीचे फौजी वेगवेगळ्या बटालियनचे होते, आबांच्या बटालियनमधला गावात दुसरा कुणी नव्हता. संध्याकाळी पारावर निवृत्त मंडळी जमली की गोष्टी निघत. त्यात आबांची 'अकरा दिवसांची गोष्ट' सगळ्यांची लाडकी. बर्फातली चौकी, चहूकडून वाट बंद, वर अकरा माणसं, आणि "अकरा दिवस आम्ही जागा सोडली न्हाई," असं म्हणून आबा थांबायचे. पारावर कुणी खोकायचंही नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "आबा, पण तुम्ही तिथं वर गेलात कसे?"

"ऑर्डर आली, गेलो," ते म्हणाले होते, आणि मला पाणी आणायला पिटाळलं होतं.

त्यांची एक खोड मात्र सगळ्या गावाच्या चेष्टेचा विषय होती. चाक असलेली कुठलीही वस्तू उभी राहिली की तिच्यामागे दगड ठेवायचा. बैलगाडीला दगड ठीक आहे. आमच्या घरी सायकललाही दगड होता. धाकट्या बहिणीच्या पांगुळगाड्याला होता. एकदा दारात आलेल्या कुल्फीवाल्याच्या हातगाडीलाही त्यांनी दगड लावला आणि तो बिचारा जाताना ढकलून ढकलून घामाघूम झाला. "फौजेची शिस्त," लोक हसून म्हणायचे. आम्हीही तसंच समजत होतो.

घाट अर्धा चढून झाला असेल, तेवढ्यात पुढच्या गाड्या थांबल्या. वरच्या वळणावर उसाचा एक ट्रॅक्टर बंद पडला होता. रांग मुंगीच्या पावलाने सरकायची, पुन्हा थांबायची. प्रत्येक सरकण्याला क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच. पाचव्या-सहाव्या वेळी चाचांच्या तोंडून "या अल्ला" निघालं आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. त्यांनी हँडब्रेक ओढला. कपाळावर घाम डवरला होता.

"पाय गेला," ते म्हणाले. "क्लच दाबवत न्हाई आता."

"मग?" आबा म्हणाले.

मागे हॉर्न वाजायला लागले. आमच्यामागे एक भरलेली एस. टी. होती, तिच्यामागे आणखी दहा-बारा गाड्या. चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. अजून आठवतं मला ते. मुद्दाम समोरच्या काचेतून बघत बसले. बोलायचं की नाही ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

"मी घेतो," मी म्हणालो.

"काय घेतोस?" आबा.

"गाडी, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग चाचांकडे बघितलं. चाचा आता दाढी खाजवत होते. आबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, कारण दुसऱ्याच क्षणी त्यांनी दार उघडलं आणि खाली उडी मारली. मला वाटलं, रागावून चालत निघाले.

ते दगड शोधत होते. घाटाच्या कठड्याजवळून त्यांनी चांगला पायलीएवढा दगड उचलला आणि मागच्या डाव्या चाकाशी नेऊन असा सारला की चाक त्यावर टेकलंच. मग वाकून गाडीखाली बघितलं, स्प्रिंगचे पाटे बघितले, आणि माझ्या खिडकीपाशी आले. तोवर मी चाचांच्या जागेवर बसलो होतो आणि चाचा माझ्या.

मी गाडी सुरू केली. क्लच सोडला, घाईत जरा जास्तच सोडला. ट्रक थरथरत वीतभर पुढे सरकला, बंद पडला आणि मागे आला. पोती करकरली. मागच्या एस. टी.तून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. चाक दगडावर टेकलं आणि थांबलं. मी घाईने पुन्हा किल्लीकडे हात नेला.

"भानू," खिडकीतून आबांचा आवाज आला. रोज पहाटे वेशीवर असायचा तो हा आवाज नव्हता, अगदी खालच्या पट्टीतला होता. "घाई कुणालाच न्हाई. त्यांना बोंबलू दे. हँडब्रेक ओढून धर. क्लच नखानखानं सोड. गाडीचं नाक वर उठलं की समजायचं, तिनं वजन घेतलं. मग थांब तितंच. मी दोन थापा मारल्या की हँडब्रेक सोडायचा. त्याआधी न्हाई. काय?"

"दोन थापा," मी म्हणालो.

ते मागे गेले. मी क्लच नखानखाने सोडला. ट्रकचं नाक उठलं. सगळा ट्रक माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर उभा आहे असं वाटलं. मागून फळीवर थाप पडली. एक. दोन. मी हँडब्रेक सोडला आणि ट्रक पुढे निघाला, लोण्यातून निघावा तसा. माझा जीव भांड्यात पडला.

"शाबास," चाचा म्हणाले. मग ते त्यांच्या बाजूच्या आरशात बघायला लागले. "भानू, बघ. बघ लवकर."

मी माझ्या आरशात बघितलं. आबा दोन्ही हातांनी तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला चालले होते. कठड्याला चिकटवून त्यांनी तो ठेवला, पायाने हलतो का बघितलं, हात झटकले आणि ते आमच्यामागे चढ चढायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही न्हाई," चाचा म्हणाले. "चालव तू."

ट्रॅक्टर एव्हाना बाजूला घेतला होता. घाटमाथ्यावर देवीचं छोटं देऊळ आणि पाण्याचा नळ आहे. तिथल्या सपाटीवर मी गाडी घेतली आणि आबांची वाट बघत बसलो. ते दहा मिनिटांनी आले. शर्ट घामाने भिजला होता. नळाला तोंड लावून ते पाणी प्यायले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. एकही जुळत नव्हतं.

चाचा लंगडत त्यांच्याकडे गेले. "हवालदारसाब, कुठल्या गाडीवर होता?"

"कसली गाडी? मी पलटणीत हुतो."

"पलटणीत काय गाड्या नसतात?" चाचा देवळाच्या पायरीवर बसले. "तीस वर्षं झाली मला ह्या रस्त्यावर. चाकाला दगड लावणारे लई बघितले. गाडी निघाली की दगड तितंच टाकून जातात, मागनं येणारा मरंना का. उचलून कडंला ठेवणारा आज पहिला बघितला. आणि थाप मारायच्या आधी तुम्ही पाटे बघितले. सांगा, कुठली गाडी?"

आबांनी टॉवेलने तोंड पुसलं. पुसून झाल्यावरही टॉवेल तोंडावरून काढला नाही.

"शक्तिमान," ते टॉवेलच्या आडून म्हणाले.

लग्नाआधी आवडलेल्या मुलीचं नाव म्हाताऱ्याने सांगावं, तसं त्यांनी त्या फौजी ट्रकचं नाव घेतलं.

"किती वर्षं?"

"चौदा. पहिली दोन वर्षं तेवढी बंदूक. मग बटालियनच्या गाड्यांवर घातलं." त्यांनी टॉवेल खाली घेतला. डोळे लाल झाले होते, पाण्याने असेल. "त्यानंतर पहिल्या सुट्टीवर आलो तवा सांगणारच हुतो. पारावर गेलो, तर तितं सुभेदार फडतरे कुणाची तरी टर उडवत हुते. आपल्या गावचा कोण तर रेशनच्या गाडीवर हाय म्हणून. 'लढाईला गेला आणि बटाटे वाहतोय,' म्हणाले. सगळा पार हसला. मीबी हसलो. मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

"आणि अकरा दिवस?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते निसटलंच.

आबा माझ्याकडे वळले. "त्यात खोटं काय हाय? अकरा दिवस जागा सोडली न्हाई. सोडणार कशी? गाडी बर्फात रुतली हुती. दर दोन तासांनी उठून इंजिन चालू करायचं, न्हाईतर डिझेल गोठतंय. वरच्या चौकीतली पोरं येऊन माझ्या गाडीतले बटाटे घेऊन जायची. अकरा माणसं त्यावर जगली. एकबी माणूस गेला न्हाई."

मी एका दमात सगळ्या गोष्टी आठवून बघितल्या. पारावर ऐकलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. त्यांनी प्रत्येकीतून फक्त गाडी काढून टाकली होती. म्हणून तर कुठल्याच गोष्टीत ते तिथे पोचले कसे, हे नसायचं.

मला हसू आलं. थांबवता येईना. चाचाही दाढीत हसायला लागले.

"हसतोस काय गाढवा!" आबा ओरडले. "तू सांग आधी. तू कवा शिकलास?"

मग मी सांगितलं. नाका, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. पिशवीतून लायसन्स काढून हातात दिलं. आबांनी ते लांब धरून वाचलं, मग बोटांवर हिशेब केला.

"म्हंजे तासातली वीस मिनिटं तू ट्रकात. आणि ऱ्हायलेल्या चाळीसात आठ किलोमीटर." त्यांनी चाचांकडे बघितलं. "तरी मी म्हणत हुतो, ह्याला घरी आल्यावर एवढी धाप कशापायी लागते."

राग यायला हवा होता तिथे त्यांना कौतुक वाटत होतं, आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. पण मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली आणि चेहरा उतरला. शिक्का जसाच्या तसा होता.

"हवालदारसाब," चाचा म्हणाले, "माझं ऐकाल तर पोराला पलटणीत धाडा. मी ह्यालाबी हेच सांगत आलोय. पेन्शन हाय, मान हाय, म्हातारपणी बसून खाता येतं. माझ्याकडं बघा. ह्या पायानं ईदची नमाज खुर्चीवर बसून पढतो मी."

 चाचा म्हणत होते त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मीही दोन वर्षं तेच मनाशी घोळवत होतो. रोज जाताना ट्रक जिंकायचा, परत येताना वेशीवर आबा दिसले की पलटण जिंकायची.

"तुला काय पायजे ते बोल," आबा म्हणाले. "एकदाच बोल. मी मधी बोलणार न्हाई."

"गाडी," मी म्हणालो. "पलटण वाईट आहे म्हणून नाही आबा. तिथं गेलो तर मी चांगला जवान होईन. पण मला गाडी चालवायचीय. तिथं जाऊनही मी गाडीच मागीन."

"आणि ते देतील असं वाटतं तुला?" आबा हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "मी बंदूक मागितली, मला स्टिअरिंग दिलं. तू स्टिअरिंग मागशील, तुला बंदूक देतील. मग पेन्शन घेऊन येशील आणि पारावर बसशील, न चालवलेल्या गाड्यांच्या गोष्टी सांगत. घरात एक झाला तेवढा पुरे."

ते उठले आणि ट्रककडे गेले. सीटखालून त्यांनी न विचारता चिंधी काढली, डिझेलचा डबा कुठे असतो हेही त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. चिंधी बुडवून आले आणि माझा हात पकडला, सकाळी धरला होता तसाच.

"आबा, उद्या सात वाजता..."

"गप ऱ्हा."

शाई चिवट होती. त्यांनी घासलं, थांबले, पुन्हा घासलं. निळा रंग पसरत गेला, फिका होत गेला. खरं सांगतो, शेवटचा गोल जाताना मला वाईट वाटलं. आजही पंधरा ऑगस्टला टीव्हीवर संचलन लागलं की मी ते मनगट बघतो. पण त्या देवळाच्या पायरीवर माझ्या छातीवरून पोतं उतरवावं तसं झालं, आणि आबा जितक्या जोराने घासत होते त्यावरून वाटलं, त्यांच्याही छातीवरचं उतरत असावं.

"चला," ते म्हणाले. त्यांनी ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, पण मला बसू दिलं नाही. चाचांकडे बघितलं. इतकी वर्षं हुकूम देणारा माणूस, पण आवाज अगदी लहान मुलासारखा झाला. "मुल्लाजी, उताराला जरा मी घेऊ?"

"गाडी तुमचीच समजा," चाचा म्हणाले.

आबा चढले. आरसे आपल्या उंचीला बसवले. गिअरचा दांडा हातात घेऊन एकदा डोळे मिटले. मग जवळजवळ तेरा वर्षांनी माझ्या बापाने गाडी काढली. पूर्ण उतार तिसऱ्या गिअरवर, इंजिनच्या दमावर. ब्रेकला किती वेळा पाय लावला ते मी मोजलं, फक्त चार वेळा. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "शिकून घे. हे मला शिकवता येत न्हाई."

नाक्यावर चाचांनी विचारलं, "इथं सोडू का गावात येऊ? तुमच्या वेशीतनं माझी गाडी कधी गेली न्हाई. तालमीची भिंत लागते."

"जाते," आबा म्हणाले.

वेशीवर सगळं गाव गोळा झालं होतं. दुकानातल्या फोनने आपलं काम चोख केलं होतं. तालमीची पोरं हलगी घेऊन, गुलालाची परात, पारावरची निवृत्त मंडळी टोप्या चढवून, आणि पुढे आई आरतीचं ताट घेऊन. एस. टी.तून उतरणाऱ्या माझी ते वाट बघत होते. आला तो ट्रक, आणि त्याच्या स्टिअरिंगवर हवालदार जगदाळे.

हलगी थांबली. आबांनी वेशीपाशी वेग कमी केला, डावीकडची भिंत बघितली, उजवीकडचा लिंब बघितला आणि सगळा ट्रक मधून असा काढला की दोन्हीकडे चार-चार बोटं उरली. पारासमोर आणून उभा केला.

सुभेदार फडतरे काठी टेकत पुढे आले. त्यांचं वय तेव्हा सत्तर तरी असेल. "यशवंता, तू गाडी कवा शिकलास?"

"अडुसष्ट साली," आबा खिडकीतून म्हणाले. आवाज मोठा होता, सगळ्या पाराला जाईल असा. "चौदा वर्षं पलटणीची गाडी चालवली सुभेदारसाहेब. बटाटे वाहिले. अकरा दिवस जागा सोडली न्हाई ती बटाट्याच्या गाडीत बसून. आणि माझा पोरगा उद्या मेडिकलला जाणार न्हाई. तो ट्रकवर जाणार हाय."

 गुलालाची परात धरलेल्या पोराला ती खाली ठेवावी की वर धरावी ते कळेना. सुभेदारांनी आबांकडे बघितलं, मग त्या ट्रककडे, मग वेशीकडे, जिथून तो आत आला होता.

"बर्फात," ते शेवटी म्हणाले, "अकरा दिवस इंजिन चालू ठेवलंस?"

"दर दोन तासांनी."

सुभेदारांनी मान हलवली. "आमच्या चौकीला असा कुणी आला असता तर आमची तीन माणसं वाचली असती," ते म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. मग हलगी पुन्हा सुरू झाली.

आई ताट घेऊन ट्रकपाशी आली. मी उतरून तिच्यासमोर उभा राहिलो. तिने माझं मनगट बघितलं, वास घेतला, आणि मला बाजूला सारून खिडकीपाशी गेली. आबा वरून बघत राहिले.

"तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं," आबा म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात हळू बोलणं ते.

"काय सांगायचं?" आईने निरांजन वर धरलं. "तुमची कापडं कोण धूत हुतं? चौदा वर्षं मी दर सुट्टीला डिझेलचा वास काढत आले. बंदुकीला कुठं डिझेल लागतं व्हय?"

आणि तिने त्यांना ओवाळलं. सगळ्या गावासमोर, ट्रकच्या खिडकीत, नव्या नवऱ्याला ओवाळावं तसं. मग चाकाला कुंकू लावलं, मग चाचांना, आणि सगळ्यात शेवटी मला.

आबा खाली उतरले. उतरल्या उतरल्या सवयीने इकडेतिकडे बघायला लागले. मी तोवर तालमीच्या भिंतीजवळचा एक दगड आणून मागच्या चाकाला लावला होता. त्यांनी तो बघितला. पायाने दाबून बघितला, हलला नाही.

"बरा लावलाय," ते म्हणाले. "पण उतार दोन्हीकडं हाय हितं. फुडच्या चाकालाबी एक आण."

मी दुसरा दगड शोधायला गेलो.